देखणं स्मार्टवॉच आणि पोटातली अडचण

भाचीनं एका घड्याळाचा फोटो पाठवला. गोल डायल, चकचकीत स्टीलची पातळ चकती, बारीक विणीचा जाळीदार धातूचा पट्टा. फोटोखाली लांबलचक जंत्री होती: हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन, झोप, ताण, पावलं, शंभरावर व्यायामप्रकार, ५ एटीएम, ॲमोलेड स्क्रीन, ७ दिवस बॅटरी. आणि खाली तिचा प्रश्न, ‘मामा, दिसतंय तर भारी. पण यातलं खरं किती आणि नुसतं लिहिलेलं किती?’

दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं म्हणून बसलो आणि जमेना. ती एका दमात दोन गोष्टी विचारत होती. घड्याळ जे मोजतं त्यावर भरवसा ठेवायचा का, ही एक. आणि ते देखणं आहे, हा गुण धरायचा की हौस म्हणून सोडून द्यायचं, ही दुसरी. लिहायला लागल्यावर ध्यानात आलं, की या दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी दडलंय. स्मार्टवॉचचं रूप पोटातल्या कुणाच्या तरी वाट्याची जागा घेऊनच येतं. कुणाची जागा गेली ते कळलं, की जंत्री आपोआप वाचता येते.

## डबी केवढी, बिऱ्हाड केवढं

मनगटावरची डबी साधारण ४० ते ४६ मिलिमीटर रुंद आणि सेंटिमीटरभर जाड. तेवढ्यात स्क्रीन, बॅटरी, मुख्य चिप, ब्लूटूथ आणि जीपीएसचे अँटेना, हालचाल ओळखणारा सेन्सर, ठोके मोजणारे दिवे, थरथरणारी मोटर, आणि फोनवर बोलायची सोय असेल तर माइक-स्पीकरसुद्धा. एका खोलीत आठ जणांचं बिऱ्हाड. एकानं पाय पसरले की दुसऱ्यानं आखडायचे.

सगळ्यात ऐसपैस बसते ती बॅटरी, म्हणून घड्याळ पातळ करायचं ठरलं की पहिली गदा तिच्यावरच येते. बॅटरीत किती वीज मावते ते मिलीअँपिअर-तासांत मोजतात. फोनमध्ये आता ५,००० सहज असतात, घड्याळात बहुतेक वेळा ३०० ते ५००. दहापट, पंधरापट लहान टाकी. आणि त्या टाकीला लागलेला सगळ्यात मोठा नळ म्हणजे स्क्रीन.

ॲमोलेड स्क्रीनमधला प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो. काळा रंग दाखवायचा तर तो ठिपका चक्क विझवतात. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवरचे आकडे इतके उठून दिसतात, आणि म्हणूनच गर्द काळी डायल ठेवली तर बॅटरी जास्त टिकते. फुलाफुलांची रंगीत डायल लावली तर कमी. जंत्रीतले ७ दिवस धरताना स्क्रीन एरवी बंद आहे आणि मनगट उचललं की तेवढीच लागते, असं गृहीत धरलेलं असतं. खऱ्या घड्याळासारखी वेळ सतत दिसत राहावी अशी सेटिंग केली, तर ते दिवस जवळपास निम्म्यावर येतात. जीपीएस चालू ठेवून फिरायला गेलात तर हिशोब दिवसांत न राहता तासांत करावा लागतो. यात फसवणूक नाही. गाडीचं मायलेज जसं मोकळ्या रस्त्यावरचं सांगतात, तसलाच प्रकार.

दुसऱ्या जातीची स्क्रीनही असते. ती स्वतःच्या उजेडावर फारशी विसंबत नाही, बाहेरचा प्रकाश परतवून दिसते. घरात फिकी, जुन्या कॅल्क्युलेटरच्या वळणाची. भर उन्हात मात्र ॲमोलेडपेक्षा स्वच्छ. लांब पल्ल्याचे धावपटू असली घड्याळं वापरतात आणि त्यांची बॅटरी आठवडे चालते. दुकानाच्या काचेमागं त्या घड्याळाकडं कुणी दोनदा बघणार नाही.

आता गोल डायलचं. डोळ्यांना घड्याळ गोलच बरं वाटतं, माझ्याही. पण एवढं गणित करून बघा: चौकोनाच्या आत बसणारं सर्वात मोठं वर्तुळ काढलं तर चौकोनाचा साधारण ७८.५ टक्के भागच त्यात येतो. चार कोपऱ्यांतली २१.५ टक्के जागा गेली. काटे दाखवायला त्यानं काही बिघडत नाही. पण मेसेज वाचताना पहिल्या आणि शेवटच्या ओळीत दोन-तीनच शब्द बसतात. दिवसभरात मेसेज जास्त बघणार असाल तर गोल डायलचा हा तोटा रोज जाणवतो. नुसती वेळ बघणार असाल तर अजिबात नाही.

धातूच्या डबीबद्दलही एक. धातू रेडिओलहरी अडवतो. संपूर्ण डबी स्टीलची केली तर आतला अँटेना मुका होईल, म्हणून मागची बाजू प्लास्टिकची, काचेची किंवा सिरॅमिकची ठेवतात. ठोके मोजणारे दिवेही तिथूनच डोकावतात. ‘मेटल बॉडी’ एवढंच लिहिलं असेल तर धातू कोणता ते विचारावं. ३१६एल स्टील घामाला दाद देत नाही. जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा चढवलेला असेल तर तो कडेनं झिजतो आणि खालचा राखाडी रंग दिसू लागतो. काचेचं असं, की धुळीतल्या वाळूचे कण साध्या काचेपेक्षा कठीण असतात, म्हणून ओरखडे पडतात. नीलमणी काच वाळूपेक्षा कठीण असते, ओरखडे जवळजवळ पडत नाहीत. पण फरशीवर आपटली की तीसुद्धा तडकते. कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं.

## हिरवा दिवा काय बघतो?

घड्याळ उलटं करा. मधोमध हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील, शेजारी काळसर चौकोन. दिवे कातडीत प्रकाश सोडतात, चौकोन परत आलेला प्रकाश मोजतो. लहानपणी अंधारात टॉर्चवर पंजा ठेवून बोटं लालबुंद झालेली बघितली असतील. लाल का? कारण रक्त लाल प्रकाश बराचसा जाऊ देतं आणि हिरवा गिळतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या क्षणभर फुगतात, तेवढा हिरवा प्रकाश जास्त गिळला जातो आणि चौकोनापर्यंत कमी पोचतो. वाहिन्या ओसरल्या की पुन्हा वाढतो. मिनिटात ७२ वेळा अशी चढउतार झाली, तर नाडी ७२. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी असं जिभेला गाठ मारणारं नाव आहे. इथून पुढं आपण तिला ‘दिव्याचं मोजमाप’ म्हणू.

हे मोजमाप नीट व्हायचं तर दिवा कातडीला टेकून राहायला हवा आणि हलता कामा नये. आणि नेमका इथंच तो देखणा जाळीदार पट्टा आडवा येतो. धातूचा पट्टा ताणला जात नाही. तो घट्ट केला तर बोचतो, केस ओढतो. म्हणून सगळेच जण तो सैल घालतात, मनगटावर खालीवर सरकेल असा. शोभतोही तसाच. पण सरकलेल्या घड्याळाखालून बाहेरचा उजेड आत शिरतो, वजनदार डबी हाताबरोबर झुलते, आणि चौकोनाला ठोक्याची चढउतार वेगळी आणि हिंदकळण्याची वेगळी अशी निवड करता येत नाही. सिलिकॉनचा साधा पट्टा, ज्याला कुणी देखणा म्हणणार नाही, तो कातडीला चिकटून बसतो. घड्याळ तेच, सेन्सर तोच, पट्टा बदलला की आकडा सुधारतो. हा लेख वाचून एवढंच लक्षात राहिलं तरी पुरे.

एक गंमत करून पाहिली. माझं घड्याळ मी टॉवेलच्या गुंडाळीवर चढवलं. काही सेकंद नुसत्या आडव्या रेघा दिसल्या, मग आकडा उमटला: ८१. टॉवेलची तब्येत ठणठणीत निघाली. घड्याळाला माणूस कळत नाही. परत येणाऱ्या प्रकाशात काही लय सापडते का एवढंच ते शोधतं, आणि शोधणाऱ्याला कधी कधी नसलेली लयही सापडते. कातडी टेकली आहे की नाही हे आधी तपासायची सोय बऱ्याच घड्याळांत असते. ती फसत नाही असं नाही.

यातलाच गंभीर प्रकार धावताना होतो. पावलं मिनिटाला १६० पडत असतात, प्रत्येक पावलाला हात हिसका खातो आणि घड्याळ त्या हिसक्यांनाच ठोके समजून बसतं. दमायला झालेलं नसताना नाडी १६० दिसली, की ती पावलांची संख्या असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी थांबावं, घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवावं, पट्टा एक भोक घट्ट करावा आणि पुन्हा बघावं. थंडीत हात गारठले तर कातडीजवळचं रक्त कमी होतं, तेव्हाही आकडा भरकटतो. मनगटावर गडद टॅटू असेल तर शाई प्रकाश अडवते. कातडीला रंग देणारं मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळं सावळ्या कातडीतून परत येणारा संकेत मुळातच क्षीण असतो आणि चांगल्या-वाईट सेन्सरमधला फरक तिथं जास्त उघडा पडतो.

## मग आकड्यांवर विसंबायचं का?

कोणत्या, ते बघून. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावर घालायची ७ उपकरणं ६० जणांवर तपासली. नाडीच्या बाबतीत ७ पैकी ६ उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत निघाली. हे कौतुकास्पदच. पण खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात बरं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. घड्याळं तेव्हापासून सुधारली आहेत, तरी कारण मुळातलं आहे. नाडी घड्याळ बघतं. कॅलरी ते बघत नाही. नाडी, वय, वजन, उंची आणि हालचाल यांवरून ते अंदाज बांधतं. दोन माणसं सारखीच धावली तरी सारखी ऊर्जा खर्चत नाहीत. तेव्हा घड्याळ म्हणालं ४०० कॅलरी जळल्या, म्हणून त्या हिशोबानं पानात वाढून घेऊ नये.

पावलांचं बरं असतं. हालचालीचा सेन्सर हाताचा झोका मोजतो. हात खिशात घालून चाललात तर कमी भरतात, टाळ्या वाजवल्या तर काही फुकटची मिळतात. दिवसभराचा आकडा कामापुरता ठीक येतो. दहा हजार पावलांच्या लक्ष्याला मात्र फार मान देऊ नका. तो आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. जपानमध्ये १९६५ च्या सुमारास पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव जिभेवर बसलं आणि पुढं तेच आरोग्याचं माप झालं.

झोपेचं थोडक्यात सांगतो. झोपेचे टप्पे खरे ठरवतात ते डोक्याला तारा लावून, मेंदूच्या लहरी बघून. मनगटाला मेंदूच्या लहरी कुठून कळणार? हात हलेनासा झाला, नाडी मंदावली, की घड्याळ झोप लागली असं धरतं. कधी झोपलात, कधी उठलात हे बरंचसं बरोबर येतं. ‘गाढ झोप १ तास १२ मिनिटं’ हा अंदाज आहे, मिनिटांमुळं तो अचूक वाटतो एवढंच. निवांत पडून छताकडं बघत राहिलात तर तेही झोपेत जमा होतं.

## ऑक्सिजन, रक्तदाब आणि साखर

या तिन्हींकडं जाताना भरवशाची पायरी एकेक खाली उतरते.

ऑक्सिजन मोजायला हिरव्याऐवजी लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश लागतो. ऑक्सिजन भरलेलं रक्त अवरक्त जास्त शोषतं, ऑक्सिजन उतरलेलं रक्त लाल जास्त शोषतं. दोन्हींच्या गुणोत्तरावरून टक्केवारी निघते. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी ही युक्ती १९७४ साली मांडली आणि दवाखान्यातली बोटाला लावायची चिमटी त्यातून आली. चिमटीत प्रकाश बोटाच्या आरपार जातो. मनगटाच्या आरपार कसा जाणार, मध्ये दोन हाडं आहेत. म्हणून घड्याळ परत फिरलेल्या प्रकाशावर भागवतं. हात स्थिर टेबलावर ठेवून अर्धा-एक मिनिट बसलात तर ठीकठाक आकडा येतो. झोपेत हात अंगाखाली दबला आणि सकाळी ८४ टक्के दिसले, म्हणून घाबरून उठू नका. पण दम लागत असेल आणि घड्याळ ९७ दाखवत असेल, तर भरवसा दमावर ठेवा, घड्याळावर नको.

रक्तदाब मोजायचा म्हणजे रक्तवाहिनी बाहेरून दाबून बघावी लागते, किती दाबल्यावर वाहणं थांबतं ते. दंडाचा फुगणारा पट्टा तेच करतो. नुसत्या दिव्यानं दाब थेट मोजता येत नाही. नाडीच्या लहरीच्या आकारावरून तर्क करावा लागतो. जी घड्याळं हे काम थोडंफार गंभीरपणे करतात, त्यांना आधी खऱ्या रक्तदाब यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. सॅमसंगच्या घड्याळांत ही जुळवणी दर चार आठवड्यांनी पुन्हा करायची असते. एक-दोन घड्याळांच्या पट्ट्यातच बारीक फुगा बसवलेला असतो, ती वेगळी जात, आणि ती जाडजूड दिसते. पातळ, नाजूक, कधीही जुळवणी न मागणारं घड्याळ रक्तदाबाचा आकडा देत असेल तर टॉवेल आठवा.

साखरेबद्दल आडवळण नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला, की कातडी न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या कुठल्याही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी परवानगी दिलेली नाही. कारण उघड आहे. चुकीचा आकडा बघून मधुमेही माणसानं इन्सुलिन जास्त घेतलं, तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. दंडावर बारीक सुई असलेली चकती लावून तिचा आकडा घड्याळावर बघणं निराळं. तिथं मोजते चकती, घड्याळ फक्त फळा.

## ‘पण घड्याळामुळं हृदयाचा आजार सापडल्याचं ऐकतो, ते खोटं का?’

खोटं नाही, आणि या घड्याळांच्या बाजूनं बोलण्यासारखी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या विकारात हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून थरथरतात, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. अनेकांना काहीच जाणवत नाही, डॉक्टरांकडं जाईपर्यंत ठोका पुन्हा ताळ्यावर आलेला असतो. चोवीस तास मनगटावर असलेल्या पहारेकऱ्याचा इथं खरा उपयोग.

ॲपलच्या पैशावर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४,१९,२९७ लोकांची घड्याळं नाडीतली अनियमितता शोधत होती. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या ०.५२ टक्के लोकांना इशारा आला. इशारा आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांतल्या ३४ टक्क्यांमध्ये हा विकार पट्टीवर उमटला. म्हणजे बाकीचे इशारे खोटे, असं लगेच म्हणता येत नाही, कारण हा विकार येतो-जातो आणि पट्टी इशाऱ्यानंतर काही दिवसांनी लागली होती. पट्टी अंगावर असतानाच घड्याळानं पुन्हा इशारा दिला, तेव्हा ८४ टक्के वेळा पट्टीनंही तोच विकार दाखवला.

ईसीजी असलेलं घड्याळ दिव्यावर थांबत नाही. हृदयाची वीज मोजायला शरीराच्या दोन बाजू जोडाव्या लागतात. पूर्वी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसवत. आता एका मनगटावर घड्याळ आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या किल्लीवर किंवा धातूच्या कडेवर. झालं मंडळ पूर्ण. ॲपलनं २०१८ च्या ‘सिरीज ४’ घड्याळापासून हे आणलं. पण हृदयाकडं बघायची ही एकच खिडकी, दवाखान्यातल्या ईसीजीत बारा असतात. हृदयविकाराचा झटका या घड्याळाला ओळखता येत नाही, हे कंपन्या स्वतःच लिहितात. छातीत दुखत असताना बोट घड्याळावर ठेवून बसू नये, ॲम्ब्युलन्स बोलवावी.

आणि जंत्रीत ‘हृदयाचे ठोके’ लिहिलं म्हणजे ‘ईसीजी’ नव्हे. भाचीच्या घड्याळात तो नव्हताच.

## ५ एटीएम म्हणजे पन्नास मीटर खोल?

नाही. एटीएम हे दाबाचं माप. ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल पाणी स्थिर उभं असताना जेवढं दाबेल, तेवढा दाब नव्या घड्याळानं चाचणीत सोसला. हात मारत पोहताना, पाण्यात सूर मारताना दाब क्षणभर उसळतो. पोहायला हरकत नाही, खोल बुडी मारायला आहे.

गमतीची गोष्ट अशी, की पोहणं चालतं तिथं गरम पाण्याची आंघोळ चालत नाही. पाण्याला अडवते ती रबराची बारीक कडी. साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीत सहज शिरतं, वाफ त्याहून सहज, आणि गरम-गार होण्यानं रबर कडक पडत जातं. दोन-तीन वर्षांनी तीच कडी पूर्वीसारखी राहत नाही, जंत्रीतला आकडा मात्र तोच असतो. पट्ट्याखाली साबण-घाम साचून मनगटावर लाल चट्टा उठतो, तो पुष्कळदा साध्या ओलीमुळं असतो. घड्याळ काढून दोन्ही धुऊन कोरडं केलं की बहुधा जातो. नाही गेला तर धातूतल्या निकेलची ॲलर्जी असू शकते.

## सोन्याचं घड्याळ किती दिवस टिकतं?

ॲपलनं २०१५ साली पहिलं घड्याळ आणलं, तेव्हा त्याची एक आवृत्ती १८ कॅरट सोन्याची होती. २०१८ मध्ये घड्याळाची नवी प्रणाली आली आणि तिनं पहिल्या पिढीच्या घड्याळांना दार लावलं, सोन्याच्यांनाही. सोन्याला काही झालं नव्हतं. आतली चिप म्हातारी झाली होती.

स्टायलिश स्मार्टवॉच घेताना मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. आजोबांचं किल्लीचं घड्याळ नातू घालू शकतो, कारण त्यातलं चाक झिजलं तर चाक बदलता येतं. इथं बॅटरी डिंकानं सीलबंद असते. लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली की साधारण ८० टक्क्यांवर येते. रोज चार्ज करावं लागणाऱ्या घड्याळात हे दीड-दोन वर्षांत होतं. आठवड्यातून एकदा चार्ज होणाऱ्यात कितीतरी उशिरा. पुन्हा पातळपणाचाच हिशोब: लहान टाकी जास्त वेळा भरावी लागते, म्हणून ती लवकर जुनी होते.

शिवाय घड्याळाचं अर्धं डोकं फोनमधल्या ॲपमध्ये असतं. पेबल हे एकेकाळचं लाडकं घड्याळ. कंपनी २०१६ च्या अखेरीस बंद पडली आणि २०१८ मध्ये तिच्या अधिकृत सेवाही थांबल्या. हौशी लोकांनी पदरमोड करून ती घड्याळं चालू ठेवली, पण तेवढी हौस प्रत्येक घड्याळाच्या वाट्याला येत नाही. म्हणून धातू कोणता याच्या आधी विचारावं: अपडेट किती वर्षं मिळणार? आणि आपल्या फोनशी जुळणार का? ॲपलचं घड्याळ अँड्रॉइड फोनशी जोडता येत नाही, हे घेऊन आल्यावर कळलेले लोक मी पाहिलेत.

त्या ॲपकडं आणखी एका कारणानं बघावं. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपनं २०१७ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशात ओसाड भागातले लष्करी तळ उजळून दिसतात, हे २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं. सैनिक घड्याळ घालून तळाभोवती धावत होते. तुमच्या रोजच्या फेरीची सुरुवात आणि शेवट जिथं होतो, ते तुमचं घर असतं. नकाशा सगळ्यांना दिसू द्यायचा की नाही, ती सेटिंग पहिल्याच दिवशी बघून घ्यावी.

## ‘एवढे दोष, मग घ्यायचंच कशाला?’

हे मला भाचीनं शब्दशः विचारलं. मी स्वतः गेली काही वर्षं एक घालतोय, तेव्हा उत्तर द्यावं लागलं.

मला लागतात त्या गोष्टी जंत्रीत खाली कुठंतरी असतात. पहाटे मनगटावर गजर थरथरतो आणि शेजारी झोपलेल्याची झोप मोडत नाही. हात कणकेत असताना टायमर लागतो. फोन सोफ्याच्या फटीत गेला तर वाजवून शोधता येतो. फोन खिशातच ठेवून कुणाचा आहे ते दिसतं, आणि नव्वद टक्के वेळा घ्यायचा नसतो. मात्र सगळ्या ॲपची नोटिफिकेशन घड्याळावर सोडली तर ते मनगटावर बांधलेलं मधमाश्यांचं मोहोळ होतं. मी फक्त फोन आणि घरच्यांचे मेसेज ठेवलेत.

आरोग्याचा आकडा मी एकच बघतो, विश्रांतीतली नाडी, तीही आठवड्यांची रेघ म्हणून. वजनकाट्याला दोन किलो जास्त दाखवायची खोड असली, तरी वजन वाढतंय की उतरतंय हे तो बरोबरच सांगतो. तसंच हे. एरवी ६४ च्या आसपास असणारी रेघ दोन दिवस ७३ वर चढली आणि तिसऱ्या दिवशी मला ताप भरला, असं दोनदा झालंय. ६४ खरे की ६६, यानं काही अडत नाही.

आणि देखणेपणा? मी तो गुणच धरतो. ओबडधोबड घड्याळ लग्नाकार्यात, मीटिंगमध्ये काढून ठेवलं जातं, आणि ड्रॉवरमधलं घड्याळ काहीच मोजत नाही. फक्त वेळ दिसावी, फोन आला की थरथरावं आणि मनगटावर शोभावं एवढंच हवं असेल, तर खरे काटे असलेली मिश्र घड्याळंही मिळतात. त्यांत मोठी स्क्रीन नसते, म्हणून बॅटरी आठवडे टिकते.

भाचीनं शेवटी तेच घेतलं, जाळीदार पट्ट्याचं. मी घातलेली अट एकच होती. पट्टा कंपनीच्या खास खाचेचा नको. साध्या २० किंवा २२ मिलिमीटरच्या पिनेचा हवा, म्हणजे नखानं काढून दुसरा लावता येतो. संध्याकाळी पळायला जाताना ती काळा सिलिकॉनचा पट्टा चढवते, एरवी जाळी. आंघोळीच्या वेळी घड्याळ चार्जिंगला असतं. रक्तदाबाचं बटण तिच्याही घड्याळात निघालं. तिनं पहिल्याच दिवशी ते टॉवेलवर लावून बघितलं आणि मला फोटो पाठवला: ११८-७६.